पलंगावरचे दोन महिने

आमच्या घरात सात माणसं आहेत आणि ही गोष्ट सातांपैकी फक्त मला माहीत आहे. संदीपला — म्हणजे माझ्या नवऱ्याला — मी आजवर सगळं सांगत आले. लग्नाआधीचं एक प्रकरण होतं, तेही सांगितलं. तो हसला आणि झोपून गेला. हे मात्र नाही. साडेसहा वर्षं झाली. कधी जेवताना ओठांपर्यंत येतं, आणि मग मी कोणाच्या तरी ताटात भाजी वाढते. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण एवढं लिहीपर्यंत मी तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले, म्हणजे बघा.

कुठून सुरू करू? त्या सोनोग्राफीपासून करते.

तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली आणि स्वयंपाकघर. सम्यक चारचा व्हायचा होता, मैत्री जेमतेम सव्वा वर्षाची. ती अजून अंगावर पीत होती, त्यामुळे पाळी आली नाही तरी मला काही वाटलं नाही. कळलं तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. सोनोग्राफीच्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, हा एक, आणि हा दुसरा. मी विचारलं, "दुसरा कोण?" त्या हसल्या. मीही हसले — हसायचं असतं म्हणून.

रिक्षात संदीप मानपाडा रोड संपेपर्यंत बाहेर बघत राहिला. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. बोलायला त्याच्याकडे फारसं उरत नाही. मी मांडीवर मैत्रीला धरलं होतं आणि सम्यक माझ्या ओढणीचं टोक चावत होता. मला हात दोनच आहेत, एवढा एकच विचार डोक्यात होता. बाकी काही सुचत नव्हतं.

त्या दिवसांत मी कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कळूनही ते माफ होतं असं नाही. मी सकाळी उठायचे ती रडत उठायचे. एकाला शी करायची असायची तेव्हा दुसरीला दूध हवं असायचं. चार वर्षांत मी गरम जेवले नव्हते. दुधाची पिशवी आणायला दोघांना काखेत मारून तीन जिने उतरायचे आणि वर येताना दुसऱ्या मजल्यावर बसून घ्यायचे. एकदा न्हाणीघरात नळ सोडून मी भिंतीला डोकं टेकून म्हणाले — यातलं एक तरी जाऊ दे. कोणाला म्हणाले, माहीत नाही. पाचव्या महिन्यात अंगावरून रक्त जायला लागलं तेव्हा पहिलं तेच आठवलं. माझं ऐकलं की काय कोणी?

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही हो. हे नुसतं मनात आलेलं होतं, आणि मनात कोणाच्या काय येत नाही? मी जे केलं ते तोंडाने केलं, पूर्ण शुद्धीत.

डॉक्टर म्हणाल्या, वार खाली आहे. बाळांना पोसणारी वार पिशवीच्या तोंडाजवळ होती, रक्तस्राव वाढला तर तिघांच्याही जिवाला धोका. पलंगावरून उठायचं नाही. संडास-बाथरूम सोडलं तर पाय खाली ठेवायचा नाही. तेव्हा वर्तकनगरहून सासूबाई आल्या. मी त्यांना आई म्हणते. माझी स्वतःची आई लग्नाआधीच गेली. यांनी साड्यांना फॉल-पिको करून, ब्लाऊज शिवून एकटीने संसार ओढलेला. दोन पिशव्या घेऊन आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तू पड. मी आहे."

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. चांगलाच पिकत आलेला. उजव्यातही धरायला लागला होता. ठाण्याला खोपटजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं होतं आणि ऑपरेशनची तारीख मिळालेली, दोन-अडीच महिन्यांनंतरची. आमच्या कॅलेंडरवर त्या तारखेला मीच लाल पेनाने गोल केला. हे मुद्दाम सांगते आहे. नंतर मी विसरले होते असं म्हणायला जागा राहू नये.

आणि मग तो पलंग. काय सांगू तुम्हाला? सुरुवातीचे पंधरा दिवस मी घाबरून पडून होते. नंतर भीती ओसरली आणि मला ते आवडायला लागलं. आई तव्यावरची चपाती तूप लावून थेट माझ्या हातात द्यायच्या. केस विंचरून द्यायच्या. सकाळी त्या बुद्धवंदना म्हणायच्या तेव्हा मी डोळे मिटून ऐकत पडायचे, आणि कोणी माझ्याकडे काही मागत नसे. मैत्री पलंगाची कड धरून रडायची. आई तिला उचलून न्यायच्या. मी भिंतीकडे तोंड करायचे.

सातव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. संदीप दोन्ही पोरांना घेऊन खाली रस्त्यावर थांबला होता. आत मी एकटीच. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि खूश झाल्या. वार वर सरकली होती. बहुतेक बायकांची सरकते म्हणे. आता उठा, म्हणाल्या, घरातल्या घरात फिरा, हलकी कामं करा. जुळं आहे तर जड उचलू नका, बाकी बंधन काही नाही.

आनंद व्हायला हवा होता ना? उठा — तो एक शब्द मला ऐकवला नाही. डोळ्यासमोर आली ती माझी जुनी सकाळ, आणि आता तर पोट एवढं. शिवाय आई चार दिवसांत निघतील, त्यांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. जिना उतरताना मी काहीच ठरवलं नव्हतं, हे खरं सांगते. खाली संदीपने विचारलं, "काय बोलल्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आहे तशीच आहे."

तीन शब्द. त्याने मैत्रीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रिक्षाला हात केला.

घरी आल्यावर आईंनी फाईल मागितली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, सातवीपर्यंतचं. पूर्वी औषधांच्या बाटल्यांवरची नावं त्याच वाचायच्या. कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग माझ्या हातात देत म्हणाल्या, "तूच वाच गं. मला नुसतं पांढरं दिसतंय."

मी वाचलं. इंग्रजीत जे लिहिलं होतं ते डोळ्यांनी वाचलं आणि तोंडाने दुसरंच बोलले. वार अजून खालीच आहे, पूर्ण विश्रांती. कागदावर बोट फिरवत, ओळीवर थांबत बोलले, खरं वाटावं म्हणून. ज्या बाईला दिसत नव्हतं तिला, तिला दिसत नाही याचाच फायदा घेऊन. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही — असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पण ते पुढे, दहा दिवसांनी व्हायचं होतं.

कॅलेंडरवरची ती तारीख उजाडली. संदीपची पहिली पाळी, तो पहाटेच गेलेला. स्टेशनच्या पुलाचे जिने आईंना दिसत नसत, तेव्हा लोकलऐवजी ओळखीचा एक रिक्षावाला शीळफाट्यावरून ठाण्याला नेणार होता. त्या रस्त्यावर गाड्या अडकल्या की अडकल्या. संध्याकाळ झाली असती परतायला. शेजारच्या वहिनी दिवसभर पोरांना बघणार होत्या, पण त्यांना आदल्या दिवशी अचानक गावी जावं लागलं. त्यात मैत्रीला लस टोचलेली, ती तापाने फणफणलेली. आई बाहेरची साडी नेसून, फाईलची पिशवी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. त्या दाराकडे बघायच्या, मैत्रीकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

"एवढा आजचा दिवस निभावशील का गं? खिचडी करून ठेवलीय. फक्त हिला घ्यायला लागेल मधनंमधनं."

साधा प्रश्न होता. मी उठू शकत होते. डॉक्टरांनी मला उठायलाच सांगितलं होतं! खिचडी वाढायची, पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, तिला कुशीत घेऊन बसायचं. आईंना फक्त एक 'हो' हवा होता, आणि मी म्हणाले, "आई, डॉक्टर उठू नको म्हणालेत ना."

त्या स्वतःवरच ओशाळल्या. "हो की. मी पण ना, वेडी." त्या गॅलरीत गेल्या आणि खाली ओरडून रिक्षावाल्याला जायला सांगितलं. साडी बदलली. माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डोळ्याचं काय, आज नाही तर उद्या. पोरं काय थांबणारेत?"

त्या दुपारी त्यांनी मैत्रीला खांद्यावर टाकून चपात्या लाटल्या. तुला नुसती खिचडी देऊन कसं चालेल, म्हणाल्या. मी चार खाल्ल्या. गरम होत्या. तूप होतं.

मला सुधारायला वेळ मिळाला नाही असंही नाही. महिना-दीड महिना होता. दुसऱ्या दिवशी म्हणता आलं असतं की मी तुमच्याबरोबर येते, पुढची तारीख घेऊ. आई त्या दिवसांत जुन्या सुती साड्या फाडून येणाऱ्या बाळांसाठी दुपटी शिवत होत्या, हाताने, दुहेरी घालून. पलंगाच्या पायथ्याशी त्यांची चळत वाढत गेली. खालच्या दुपट्यांची टीप सरळ होती, आखून मारल्यासारखी. मधल्यांची जरा हललेली. वरच्या दोन-तीन दुपट्यांवर दोरा कडेला सोडून भलतीकडेच गेलेला. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांना सरळ फॉल लावले, तिची टीप वाकडी पडत होती आणि मी ती रोज बघत होते. बघून कूस बदलत होते.

मुली झाल्या. दोघी. सिझेरियनच्या वेळी माझा जीव टांगणीला होता, पण बाळांसाठी नाही — डॉक्टर बाहेर जाऊन संदीपला काही बोलतील का, यासाठी. चोराच्या मनात चांदणं. डॉक्टर फक्त म्हणाल्या, दोघी छान आहेत. वारेचं कोणी विचारलंच नाही. पेढे वाटताना कोण विचारतं?

दहाव्या दिवशी आईंचा डावा डोळा लाल झाला. डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. त्या म्हणाल्या जागरणाने झालं असेल आणि अजून दोन दिवस काढले, कारण घरात दोन तान्ह्या होत्या. संदीप शेवटी जबरदस्तीने घेऊन गेला. मोतीबिंदू फार पिकून आतला दाब वाढला होता. ऑपरेशन केलं, पण डोळ्यामागची नस सुकलेली. तिथल्या डॉक्टरांनी संदीपला विचारलं म्हणे, तारीख दिली होती तेव्हा का नाही आलात? त्याने सांगितलं, बायकोला पूर्ण विश्रांती होती.

पुढे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वेळेत झालं, तो चांगला आहे. डावा गेला तो गेला. शिलाई मशीन त्यांनी भाचीला देऊन टाकलं. आता त्या आमच्याकडेच असतात. धाकट्या दोघी पहिलीत जातात, त्यांच्या वेण्या आईच घालतात. कोणी डोळ्याची चौकशी केली तर हसून म्हणतात, "एक गेला, दोन आल्या. मी फायद्यातच आहे."

मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या एका पोरीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. ती रडत होती, घरात दुसरं लहान मूल म्हणून. आई तिला म्हणाल्या, "ही माझी सून बघ. दोन पोरं रडत होती तरी हलली नाही. मन घट्ट करून पडून राहिली, म्हणून त्या दोघी आज दिसतायत." त्या पोरीने माझ्याकडे इतक्या आदराने बघितलं. मी चहा टाकायला आत गेले आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

थकले होते म्हणून केलं, असं म्हणू? थकल्या तर त्याही होत्या. मला कळलं नव्हतं, असं म्हणू? गोल मीच केला होता. तो रिपोर्ट अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली. फाडावा असं पुष्कळदा मनात येतं. कोणाला दाखवावा असंही येतं. दोन्ही केलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे गॅलरीत बसतो. नातवंडं आईंच्या उजव्या बाजूला भांडून जागा पकडतात, कारण तिकडून त्यांना दिसतं. डावीकडची खुर्ची रिकामी राहते, तिथे मी बसते. बोलता बोलता आई मध्येच थांबतात, मान पूर्ण वळवतात आणि विचारतात, "आहेस ना गं?" मी "हो" म्हणते. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं आणि त्या पुन्हा मुलींकडे वळतात. दुसरी खुर्ची मागायला मला कोणी अडवलेलं नाही. त्यांना मी दिसत नाही, म्हणूनच मी तिथे बसते.