रोह्यातला पाचवा फाउल

दहावीत असताना आमचा पेणचा मुलींचा संघ बास्केटबॉलच्या सामन्यासाठी एसटीने रोह्याला गेला होता. रोह्याच्या संघात एक उंच, चपळ मुलगी होती. तिला अडवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला जमत नव्हतं. पण तिचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की ती बाहेर, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सरांनी आमच्याकडून नियम घोटून घेतला होता. समोरचीने उडी घेण्याआधी तिच्या वाटेत पाय रोवून उभं राहिलात आणि ती येऊन आदळली, तर फाउल तिचा. ती हवेत गेल्यावर खाली सरकलात, तर तुमचा.

शेवटची दोनेक मिनिटं उरली होती. ती बास्केटकडे झेपावली, तिचे पाय जमिनीवरून सुटले आणि मग मी सरकले. दोघी पडलो. मी गरजेपेक्षा जास्त वेळ छाती धरून पडून राहिले. पंच एकच होते, मध्ये दुसरी मुलगी आल्याने त्यांना नीट दिसलं नव्हतं. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "तू आधीच उभी होतीस?"

"हो सर," मी म्हणाले.

तिला बाहेर काढलं. जाताना ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. आम्ही एका गुणाने जिंकलो.

पुढे मी पेणलाच खेळाची शिक्षिका झाले. हा नियम शिकवायची वेळ आली की मी तो घाईघाईने उरकायचे. बऱ्याच वर्षांनी ती रोह्याच्या बाजारात दिसली. मी ओळख दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"मला तेव्हाच माहीत होतं गो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी बाबा शिफ्ट बुडवून बघायला आले होते. त्यांना वाटलं, मी मुद्दाम पोरीला पाडलं. मग परत खेळायला पाठवलंच नाय."

त्यांना जाऊन सांगते, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली नाही. घर जवळच होतं, वडील ओटीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले. मी उशिरा आडवी आले होते, पंचांशी खोटं बोलले, तुमच्या मुलीची काही चूक नव्हती, असं सांगितलं. ते आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिले.

"कसला खेळ?" त्यांनी विचारलं. "ही कधी खेळायची?"

अलीकडे त्यांना फारसं आठवत नाही, असं तिने हळूच सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेली. तो चहा मी प्याले. निघेपर्यंत मला तिच्याकडे वर मान करून बघवलं नाही.