सासूबाईंचा मातीचा हात

आज सासूबाईंना जर्मनीत न्यूरेम्बर्गजवळच्या एका म्युझियममध्ये मातीच्या भिंतींचं जुनं घर दाखवायला नेलं. डागडुजी करून ते साठच्या दशकात होतं तसंच मांडलंय, अगदी रेडिओसकट.

एका भिंतीला भेग गेली होती. मी फोटो काढेपर्यंत सासूबाईंनी बाटलीतल्या पाण्याने हात ओला करून ती लिंपायला घेतली. लहानपणी दर दिवाळीआधी माहेरी हे काम त्यांच्याकडेच असायचं.

तिथला माणूस धावत आला. मी नुसती एन्टशुल्डिगुंग, माफ करा, म्हणत राहिले. तो म्हणाला, "हात लावू नका. मातीचं काम येणारा माणूस आम्ही दोन वर्षं शोधतोय."

सासूबाईंनी हात पदराआड लपवला. "काय म्हणाला गं?"

"काही नाही आई, चला."

तुम्ही काय सांगितलं असतं?