सहा दोरे आणि वर एक फट

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या आधीच पोटात घाला. चौथीनंतर ऱ्हस्व-दीर्घाशी माझा संबंध उरला नाही. अक्षर तर असं, की मी यादी लिहून दिली तर वाणी हिंग बांधील की हळद, हे नशिबावर. पण ही हकिगत तोंडानं सांगायची म्हणजे चार माणसांसमोर बोलावं लागतं. आणि मी चार माणसांसमोर बोलले की काय होतं, तीच तर ही हकिगत आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आयुष्यात एकदाच बोलले. ते बोलणं आम्हाला तीनशे रुपयांना पडलं.

बिबवेवाडीत आमची सहा बिऱ्हाडांची इमारत. त्याआधी कात्रजच्या पलीकडे सासऱ्यांची दोन एकर जमीन होती. ती विकली, भावाभावांत पैसे वाटले आणि आमच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक आला. ह्यांची स्वारगेटला स्कूटरच्या पार्टांच्या दुकानात नोकरी, वैशाली अकरावी सायन्सला, आणि मी दिवसभर फरशीवर. पायाखाली माती नसली की मला चुकल्यासारखं होतं. गॅलरीत तुपाच्या डब्यात कोथिंबीर लावली होती. ती इतकीशीच यायची, की आमटीत टाकल्यावर शोधावी लागायची.

इमारतीपुढे एक मोठा गोल होता. बिल्डरनं नकाशात तिथं कारंजं दाखवलं होतं. ब्लॉक विकले गेले तसं कारंजं आटलं. (पाणी कधी आलंच नव्हतं, तरी आटलं!) मग सोसायटीनं ठरवलं, की गोलात माती भरायची, कडेनं विटा लावायच्या आणि सहा बिऱ्हाडांना बागेसाठी सारखे सहा वाटे करून द्यायचे. हे ऐकून मला रात्री झोप लागेना. माती! स्वतःच्या वाट्याची!

विटा तीनशे रुपयांच्या आल्या. वाट्यांसाठी मीटिंग भरली. सचिव जोगळेकरकाका. बँकेतून निवृत्त होऊन पेठेतून इकडे राहायला आलेले. शब्द असे खर्च करायचे, जसे काही स्वतःच्या खात्यातून जातायत.

"गोलाचे सहा भाग. प्रत्येकी साठ अंश. प्रश्न?" काका म्हणाले.

"जमिनीवर साठ अंश मोजायचे कसे हो?" पहिल्या मजल्यावरच्या साळवीबाईंनी विचारलं.

"कोनमापकानं."

वैशालीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. काका गोलाच्या मधोमध खुंटीपाशी उकिडवे बसले, मग गुडघ्यांवर आले, शेवटी पालथे झोपले. पण कोनमापक केवढा, तर अर्ध्या पुरीएवढा! खुंटीपाशी तांदळाएवढी चूक झाली, तरी ती कडेला पोचेपर्यंत तिचं शेत व्हायचं. पहिल्या मोजणीत साळवीबाईंच्या वाट्यात माणूस आडवा झोपला असता आणि आमच्या वाट्यात उभासुद्धा राहिला नसता. दुसऱ्या मोजणीत उलट. तिसऱ्या मोजणीला काका उठले आणि शर्टाची माती झटकत म्हणाले, "बिल्डरला गोल काढायला सांगितलं होतं कुणी? चौकोन काय वाईट होता?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"दोऱ्यानं होतील की सहा."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "कोण बोललं?"

आता मागं फिरायची सोय नव्हती. मी पदराचं टोक धरून सांगितलं, "रांगोळीत करतो तसं. खुंटीपासून कडेपर्यंत दोरा घ्यायचा. तोच दोरा कडेवर सहा वेळा बरोबर बसतो. काही उरत नाही."

खोटं नव्हतं हो ते. सहा पाकळ्यांचं फूल मी लहानपणापासून असंच काढत आले. तेवढं बोलून मी बसले, पण ह्यांना राहवलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि बायको चारचौघांत बोललेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. ते ताडकन उठले.

"ती म्हनली म्हंजी बसनारच! आवो, न्हाय बसला तर समद्या इटांचं पैशे माझ्याकडनं!"

"लिहून घेतो," काका म्हणाले. आणि खरंच लिहून घेतलं. "दोरा कडेवर सहा वेळा न बसल्यास विटांचा खर्च श्री. कदम यांचा. तो फिटेपर्यंत त्यांचा वाटा सोसायटीच्या ताब्यात. बरोबर?"

"बराबर!" हे म्हणाले. मी ह्यांचा शर्ट मागून ओढत होते, पण तो टेरिकॉटचा होता. निसटला.

रविवारी सकाळी सगळी इमारत खाली उतरली. विटांची कड चुना मारून चकचकीत केलेली. खुंटीपासून कडेपर्यंत दोरा घेतला. नऊ फूट भरला. तो माझ्या हातात दिला आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले.

इथं माझा घात झाला. रांगोळीत दोरा ताणून धरतात. कडेवरच्या एका खुणेवरून सरळ पुढच्या खुणेवर, बेडकासारखी उडी. अंगणातली रांगोळी दोन हातांत मावते. पण नऊ फूट दोरा ताणायचा तर दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं. वैशाली क्लासला गेलेली. हे साळवीबाईंच्या यजमानांना रांगोळीचं शास्त्र समजावत होते. (ह्यांनी आयुष्यात रांगोळी फक्त तुडवली आहे!) माझ्याजवळ उभे कोण, तर जोगळेकरकाका. आता सचिवाला "धरा हो हे टोक" असं म्हणायचं कुठल्या तोंडानं? माझं तोंड तर मीटिंगमध्येच संपलं होतं.

मी मान खाली घातली आणि दोरा विटांच्या कडेकडेनं अंथरत गेले. विटा दोरा धरून ठेवतात. विटांशी बोलावं लागत नाही.

पहिला वाटा झाला. साळवीबाई तयारच होत्या. खूण पडते न पडते तोच त्यांनी कडेला गुलाबाची रोपं खोचली. दुसरा वाटा काकांचा. त्यांनी मोगरा आणला होताच, शिवाय हद्दीवर पाटी रोवली: "मोगरा. वास दुरून घ्यावा." पाटीच्या बुडाला सिमेंट ओतलं. तिसरा, चौथा, पाचवा, जो तो आपापल्या वाट्यात उतरून कुदळ मारू लागला. सहावा आमचा. मी दोरा शेवटपर्यंत अंथरला, खडूनं खूण केली आणि मान वर केली.

पुढे साळवीबाईंचा पहिला गुलाब दिसत होता. पण तो अडीच फूट लांब होता!

"हे काय?" काकांनी विचारलं.

"उरलं," मी म्हणाले.

"काही उरत नाही, असं आपण म्हणाला होतात."

"दोरा आकसला आसंल," हे धावत आले. "सकाळचं दव पडतंय."

"दव फक्त आपल्याच दोऱ्यावर पडतं का, कदम?"

साळवीबाईंची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. ती ना आकसते, ना फुगते. पुन्हा नऊ फूट कापली, पुन्हा कडेवर अंथरली. अडीच फूट उरले! मग ह्यांना सुचलं, की उलटीकडून मोजू. पहिल्याच खुणेपासून उलट निघालो, सहा वेळा अंथरली, आणि फट उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. तेवढीच. साळवीबाईंचे दोन गुलाब फटीत गेले आणि काकांची पाटी साळवीबाईंच्या वाट्यात आली.

"म्हणजे मोगरा आता माझा का?" साळवीबाईंनी विचारलं.

"उलटी मोजणी रद्द," काका म्हणाले.

"मग माझ्या गुलाबांना मघाशी घालवलंत कशाला?"

"गुलाब कुठे गेले? जागचे हललेसुद्धा नाहीत. हद्द गेली."

एवढ्यात क्लास सुटून वैशाली आली. तिनं दोरी बघितली, फट बघितली आणि हसायलाच लागली. "अगं आई, तू रेडियन मोजलेस!"

मला वाटलं, मी आणखी काहीतरी मोडलं.

मग तिनं सगळ्यांना सांगितलं. मधून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. तेवढाच दोरा कडेवर वळवून ठेवला, की खुंटीपाशी जो कोन होतो तो एक रेडियन. अख्ख्या गोलात असे सहा बसतात आणि वर पॉइंट अठ्ठावीस उरतातच. "बांगडी घ्या नाहीतर सर्कशीचा तंबू, काका. कुठल्याही गोलात उरणारच. नऊ फूट गुणिले पॉइंट अठ्ठावीस, अडीच फूट. कडेची लांबी काढायला त्रिज्या गुणिले कोन, बास!"

"आणि रांगोळीत उरत नाही ते?" साळवीबाई म्हणाल्या.

"आई रांगोळीत दोरा ताणून धरते. ती सरळ रेघ झाली, जीवा. इथं तिनं तो वाकवला, तो कंस झाला. वाकडी वाट लांब असते, म्हणून सरळ दोऱ्यानं सहा उड्या पुरतात. बघा!" आणि तिनं पोर असूनही काकांना खुशाल सांगितलं, "काका, धरा हो हे टोक."

काकांनी धरलं! मुकाट्यानं धरलं! दोघांनी दोरी ताणून खुणेवरून खुणेवर टाकली आणि सहाव्या उडीला ती बरोबर साळवीबाईंच्या पहिल्या गुलाबापाशी येऊन थांबली.

"बसला!" हे ओरडले. "बसला का न्हाय? पैशे न्हाय देनार!"

"ठरावात 'कडेवर' असा शब्द आहे," काका म्हणाले. "आपल्या पत्नीचाच आहे. ही दोरी मातीवरून गेली."

"मग या नव्या खुणांप्रमाणे वाटे करा ना," वैशाली म्हणाली. "कडेवर नऊ फुटांच्या जागी नऊ फूट पाच इंच येतील. सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं."

सरकायचं म्हटल्यावर पाचही वाट्यांतल्या कुदळी थांबल्या. "रोपं रुजलीत हो आता," साळवीबाई म्हणाल्या. (अर्धा तास झाला होता!) "पाटीखाली सिमेंट आहे," काका म्हणाले. बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. दोन एकर जमीन एका सहीत गेलेली मी बघितली आहे. पण पाच इंच कुणाकडून सुटत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

ठराव ठरला. पैसे फिटेपर्यंत आमचा सहावा वाटा सोसायटीच्या ताब्यात. आणि फट?

"ज्यांनी काढली, त्यांची," काका म्हणाले.

रात्री ह्यांनी जेवताना ताट सरकवलं. "येक पैसा देनार न्हाय. दोरा बसला व्हता." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला बी आजच बोलायचं व्हतं!" वैशाली वहीत आकडे मांडत होती. "त्रिज्येचा वर्ग गुणिले कोन, भागिले दोन. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, निम्मे साडेचाळीस. म्हणजे गेलेला वाटा साडेचाळीस चौरस फूट आणि फट साडेअकरा." ह्यांनी सरकवलेलं ताट परत पुढं ओढलं. मग म्हणाले, "दोन येकराचं साडेआकरा फूट! आन् त्ये बी तिरकं!"

पण माती ती माती. सकाळी मी खाली उतरले. फट कडेला अडीच फूट रुंद, खुंटीकडे निमुळती होत होत शेवटी सुई. कडेला बसून कोथिंबीर टाकली. तिच्या पुढे मेथी, मेथीपुढे लसणाची एक ओळ आणि अगदी टोकाला, जिथं पाऊलसुद्धा मावत नव्हतं, तिथं मिरचीचं एकच रोप. त्याला पाणी घालायला वाकले, तर पदर साळवीबाईंच्या वाट्यात जायचा.

"अतिक्रमण," काका गॅलरीतून म्हणायचे.

मग ह्यांनीच (पैसे देणार नव्हते, पण हात कुठे बांधले होते!) दुकानातून जुना पाइप आणून त्याला डबा जोडला. त्यानं मी लांबूनच मिरचीला पाणी पाजायची, जसं काही वाघाला पाजतेय.

कोथिंबीर अशी आली, की फट बाहेर सांडायला लागली. गुलाब आमटीत घालता येत नाही आणि मोगऱ्याची चटणी होत नाही. पहिली जुडी साळवीबाईंनीच घेतली. "वहिनी, पैसे घ्या हो," म्हणाल्या. मला "नको" म्हणायला तोंड उघडेना, म्हणून पैसे घेतले गेले. असाच माझा धंदा सुरू झाला. लाजरेपणावर चाललेला पुण्यातला तो एकच धंदा असेल. भाव मी कधी सांगितला नाही, कमीजास्तही केलं नाही. लोक हातावर ठेवतील ते मी मिठाच्या बरणीमागं ठेवायची. जोगळेकरकाकू मागच्या दारानं यायच्या. काकांना माहीत होतं. ते कोथिंबिरीची वडी खाताना मान खाली घालायचे, असं काकूंनीच सांगितलं.

पन्नास रुपये साठले, की मी काकांच्या दारात जायची, पैसे ठेवायची आणि परत यायची. ते पावती द्यायचे. बोलणं नाही. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी काकांनी नोटा दोनदा मोजल्या. शेवटची पावती फाडली, सहावा वाटा आमच्या नावे केल्याचं लिहून दिलं आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"पन्नासाचे सहा हप्ते. तीनशे. हिशेब मिटला, वहिनी. या वेळी सहा बरोबर बसले. काही उरलं नाही."

माझ्या मुठीत कोथिंबिरीचेच सव्वादोन रुपये उरले होते. सहा वेळा मोजल्यावर वर थोडं उरतंच, हे मला आता कुणी शिकवायला नको होतं. पण मी मूठ घट्ट मिटली, मान हलवली आणि जिना चढले. बोलले काही नाही. मागं बोलले होते, त्याचेच पैसे नुकते फिटले होते!