गुरप्पाचा काळा मुकुट

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक अख्खं गाव जळालं. मुद्दाम नाही. कोठारात राक्षस लपलाय असा मला दाट संशय होता, आणि धूर केला की बिळातला उंदीर जसा बाहेर येतो तसा राक्षसही येईल, एवढाच माझा सरळ विचार. कोठार पेटवलं. तेवढ्यात वारा सुटला. राक्षस काही निघाला नाही. निघाले ते गावकरी, अंगावरच्या कपड्यांनिशी.

पोलिसांना कळवायची घाई करू नका. ते गाव दीपमालाच्या डोक्यातलं होतं.

दीपमाला औरादच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हैदराबादला शिकत असताना ती हा खेळ शिकून आली. दर रविवारी बीदरला, मैलूरमधल्या तिच्या घरी आम्ही तिघं बसतो. ती गोष्ट सांगते, राजे-राक्षस-जंगलं उभी करते. आपलं पात्र त्या गोष्टीत काय करतंय ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. फक्त सुरुवातीलाच एक जाहीर करावं लागतं : तुमचं पात्र सज्जन की दुर्जन?

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, त्यामुळे मला विचार करावा लागला नाही. मी सज्जन. धर्मरक्षक, हातात तळपती तलवार वगैरे.

तिसरा गुरप्पा. तो दर वेळी दुर्जन घेतो.

गुरप्पाला ओळखणाऱ्या माणसाला हे ऐकून ठसका लागतो. वीज गेली की लोक ज्या नंबरावर फोन करतात, तो फोन उचलणं ही त्याची नोकरी. शिव्या मराठीत येतात, कन्नडात येतात, दखनीत येतात. ज्या भाषेत शिवी येईल त्याच भाषेत गुरप्पा गोड उत्तर देतो : "व्हय अण्णा", "आयतु री", "जी साहब, अभी भेजतूं." फोन ठेवल्यावरसुद्धा तो शिवी देत नाही. शिवी देणाऱ्याच्या घरी लाइट आली का, हे विचारायला परत फोन करतो आणि आणखी चार ऐकून घेतो. अशा माणसाला आठवड्यातून एक दिवस तरी वाईट व्हावंसं वाटलं, तर त्यात नवल काय?

त्याच्या मांत्रिकाचं नाव कालभुजंग. ते नाव घेताना गुरप्पा आवाज जाड करतो आणि मग स्वतःच खोकत बसतो.

आमच्या त्या डावात एक काळा मुकुट होता. तो ज्याच्या डोक्यावर, त्याचे सगळे राक्षस गुलाम. पण डाव संपताना जो दुर्जन असेल त्यालाच तो मिळणार. गुरप्पाचा या मुकुटावर जीव जडला होता. काळ्या कार्डशीटचा खराखुरा मुकुट कापून, त्याला चमकी लावून, त्यानं तो आधीच आणून ठेवला होता. मला म्हणाला, "सर, सगळं आयुष्य 'व्हय व्हय' करण्यात चाललंय. एकदा तरी डोक्यावर कायतरी काळं पायजे."

अडचण होती ती दीपमालाच्या नियमाची. खोक्याच्या झाकणावर तिनं एक रेघ ओढली होती. एका टोकाला सज्जन, दुसऱ्या टोकाला दुर्जन, आणि रेघेवर आम्हा दोघांचा एकेक चिंचोका. तुम्ही कराल तसा तो सरकणार. "तोंडानं काय म्हणता ते मला सांगू नका, हातानं काय करता ते सांगा," असं ती म्हणायची.

गुरप्पाचा चिंचोका सारखा उलट्या दिशेनं घसरायचा. मी गाव जाळलं त्या दिवसाचंच बघा. कालभुजंगानं जमवलेली सगळी मंत्रशक्ती त्यानं एका झटक्यात खर्च केली.

"काय करायलास, गुरप्पा?" दीपमालानं विचारलं.

"पाऊस पाडायलाव."

"दुर्जन ना तू?"

"मग? जळालेल्या गावातनं खंडणी कुठली मिळणार? लुटायला गाव तर पायजे की!"

मग त्यानं एका म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. तिला ओलीस ठेवलंय म्हणाला. ओलिसाला पांघरूणही दिलं. दीपमाला हसली आणि चिंचोका हलवला. त्याचा आणि माझाही.

"माझा का?" मी उसळलो. "हेतू बघ ना माझा!"

"हेतू गावकऱ्यांना सांगा, सर. पिंपळाखाली बसलेत सगळे."

शेवटचा डाव येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी आला. त्या दिवशी आमच्याकडे घरात कोण बसतं? सगळी शेतावर. गुरप्पाच्या जनवाड्याच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपटी, उभी होती, पूजा झाली होती, भज्जी, उंडे, खीर आणि आंबिलीचं मडकं मांडलेलं. गुरप्पाची आई लिंगम्मा बांधावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून बसवत होती. येळवशीला बांधावरचा माणूस उपाशी पुढं जाऊ द्यायचा नसतो, मग तो ओळखीचा असो, नसो, की कोर्टात भांडणारा भाऊबंद असो.

आम्ही बाभळीखाली झाकण मांडलं. गुरप्पाचा चिंचोका मधल्या खुणेला टेकलेला. आणखी एक चांगलं काम, की मुकुट गेला.

दीपमालानं त्याला शेवटची संधी दिली, अगदी ताटात वाढून. "तुम्ही दोघं जंगलात जेवायला बसलाय. समोरनं एक राक्षस चाललाय. एकटा, जखमी, भुकेला. त्याच्या कमरेला मुकुटाच्या पेटीची किल्ली. कालभुजंग काय करतो?"

गुरप्पानं फासे मुठीत घेतले, डोळे मोठे केले, आवाज जाड केला, आणि म्हणाला,

"या की अण्णा, जेवायला!"

तो स्वतःच दचकला. कोपीतून लिंगम्माचा आवाज आला, "कोण आलंय रं?"

"राक्षस हाय, अव्वा."

"मग बसव की त्येला! उन्हात कामून उभं केलास?"

दीपमालाला हसू आवरेना. "कारण सांग, गुरप्पा. कारण पटलं तर सोडते."

गुरप्पा घाईनं म्हणाला, "आंबिलीत इष घालतो म्हणा!"

लिंगम्माची पळी मडक्यातच थांबली. "येळवशीच्या आंबिलीत?"

"न्हाई घालत, अव्वा."

चिंचोका सरकला. गुरप्पा मान खाली घालून बसला.

राहिलो मी. राक्षस दिसल्यावर धर्मरक्षकानं काय करायचं? तो आंबिलीचा पहिला घोट घेत असताना मी मागून तलवार चालवली. फासेही झकास पडले. मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर बघितलं, तर दीपमाला माझा चिंचोका बोटानं ढकलत पार दुर्जनाच्या टोकाला नेत होती. जेवत्या पाहुण्याला मारलं, हे लिंगम्माला समजल्यावर माझ्याकडे येणारी खीर अर्ध्या वाटेतून परत गेली.

मुकुट मला मिळाला. गुरप्पानं तो स्वतः माझ्या डोक्यावर ठेवला. बसत नव्हता, म्हणून मागून थोडा फाडून बसवला. वर्षभर ज्याची वाट बघितली ती वस्तू दुसऱ्याच्या डोक्यावर नीट बसते की नाही, हे तो वाकून वाकून बघत होता. मला कसंतरीच झालं.

मी म्हणालो, "गुरप्पा, तुला जमत नाही तर कशाला दुर्जन होतोस? पुढच्या डावाला सज्जनच घे ना."

माझ्या वाटीत आंबील ओतता ओतता तो म्हणाला, "सज्जन घेतलं की तुमच्यावानी वागावं लागतंय, सर."