तोपातली दहीबुत्ती आणि चुकलेली बस

माझ्या मुलाचे म्हणणे असे की, त्याच्या बालपणी आमच्या घरात सहल नावाची गोष्टच नव्हती. जे होते ते केवळ स्वयंपाकघराचे स्थलांतर होते. हे वाक्य त्याने बेंगळूरबाहेर देवनहळ्ळीजवळच्या एका रिसॉर्टच्या भोजनगृहात, मनगटावर कागदी पट्टी बांधलेल्या अवस्थेत उच्चारले आणि त्याला हशा मिळाला. म्हणूनच ते खोडून काढणे मला भाग आहे. ज्या खोट्याला हशा मिळतो ते खोटे फार काळ टिकते.

माझी पत्नी गेली त्याला आता वर्ष उलटून गेले. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मुलाने ठरवले की तिच्या आवडत्या भागात सर्वांनी एक दिवस घालवावा. सर्वांनी म्हणजे तो, सून, त्याची मोठी बहीण, पुण्याहून श्राद्धासाठी आलेले आमचे व्याही आणि मी. एचएसआर लेआउटमधून त्याची गाडी मला घ्यायला जयनगरला आली तेव्हा मी डबा घेऊन पायरीवर उभा होतो. डब्यात दहीबुत्ती होती, म्हणजे फोडणीचा दहीभात. पहाटे मी स्वतः केली होती, आणि हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या घरात पुरुषांनी कधी चूल पाहिली नाही, असेही एक मत हल्ली प्रचारात आहे.

रिसॉर्टच्या फाटकाशी पहारेकऱ्याने पिशव्या उघडायला लावल्या.

"बेडा सार," तो माझ्या डब्याकडे पाहून म्हणाला. "बाहेरचं जेवण आत नेता येत नाही."

मी त्याला कन्नडमध्ये विचारले की, ज्या जमिनीवर तू उभा आहेस तिच्यावर मी तुझ्या जन्माआधीपासून जेवत आलो आहे, हे तुझ्या मालकाला ठाऊक आहे काय. तो बिचारा हसला. सून मात्र हसली नाही.

"अप्पा, बुफे इन्क्लुडेड आहे ना. प्लीज, सीन नको."

डबा पहारेकऱ्याच्या खोलीत राहिला. मी आत गेलो. सीन केला नाही. माझ्या भांडखोरपणाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत या संयमाची नोंद कोणी करणार नाही, म्हणून मीच करून ठेवतो.

आत जे दिसले त्याचे वर्णन करण्यात मला रस नाही. बैलगाडी होती, तिला बैल नव्हते. विहीर होती, तिला पाणी नव्हते. शेतीच्या जमिनी विकून जे प्लॉट पडले त्यांतलाच हा एक मोठा प्लॉट, आणि आता शेत कसे असते हे दाखवण्याचे तिकीट तेथे लावले होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडे आंब्यांचे जुने शेंडे दिसत होते. ते मी ओळखले. तो गुंडुतोप होता. या प्रांतात गावाच्या सामाईक आमराईला तोप म्हणतात. वाटसरूने बसावे, जेवावे, निजावे, कोणी अडवू नये, यासाठी पूर्वजांनी लावलेली ती झाडे. त्यातला बराचसा तोप आता नाही. तळ्याच्या बांधालगतची काही झाडे उरली आहेत, एवढेच.

जेवताना व्याह्यांनी सहज विचारले, "तुम्ही पूर्वी इकडे येत असा म्हणे?" आणि मुलाने ते वर सांगितलेले वाक्य टाकले. हशा ओसरल्यावर तो पुढे म्हणाला, "अम्मा बिचारी पहाटे उठून राबायची. अप्पांना हॉटेलात जाणं म्हणजे पाप. ती बिचारी घरी करायची तेच इथं येऊन करायची."

"कठीण दिवस काढले हो विहीणबाईंनी," व्याही म्हणाले, आणि त्यांनी गुलाबजाम घेतला.

मला कंजूष म्हटल्याचा राग आला नाही. आमच्याकडे पैसा बेताचा होता आणि त्याची लाज मला कधी वाटली नाही. राग आला तो बिचारी या शब्दाचा. मृत माणूस उत्तर द्यायला येत नाही, आणि त्याच्याविषयी जो शब्द जेवणाच्या टेबलावर वारंवार उच्चारला जातो तोच शेवटी त्याचा पुतळा होतो. माझ्या पत्नीचा तसला पुतळा मी उभा राहू देणार नव्हतो.

वस्तुस्थिती अशी की, या सहली माझ्या नव्हत्याच. त्या तिच्या होत्या. शनिवारी संध्याकाळी ती जाहीर करी, "उद्या तोप." मग विषय संपला. पहाटे ती उठे हे खरे. पण मीही उठे. मी नारळ खवे, ती भात मऊ शिजवी. त्यात दूध ओतून, कोमट होऊ देऊन, चमचाभर विरजण घाली, वर मोहरी-आल्याची फोडणी. निघताना डब्यात दूधभात असे. दोन बसगाड्या बदलून आणि तळ्याच्या बांधावरून चालून आम्ही तोपात पोहोचेपर्यंत त्याचे दही लागलेले असे. माझा मुलगा ज्याला शिळा भात म्हणतो तो हा. शिळा नव्हे, तो वाटेत तयार होत असे.

आणि तिचा एक नियम होता, जो मुलाच्या कथेत सोयीस्करपणे गळतो. घराच्या उंबऱ्याबाहेर ती वाढत नसे. तोपात पोहोचली की आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकून, पाय लांब करून ती बसे, आणि वाढायचा डाव माझ्या हातात येई. पुढे मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याही हातात आला. पुरुषांनी वाढायचे, पुरुषांनीच तळ्यावर भांडी घासायची. मीठ दुधात आधी घालत नसत म्हणून ते पुडीत वेगळे असे, आणि वाढणाऱ्याने कालवायचे. ती पहिला घास घेई आणि दर वेळी म्हणे, "मीठ कमी आहे." कधी ते खरोखरच कमी असे, कधी नसे. तिला वाढणाऱ्याची खोड काढण्याचा अधिकार बजावायचा असे. तळ्यावर धुणे धुणाऱ्या बायका हे पाहून पदरात तोंड लपवून हसत, आणि तिला हाक मारत, "काय अक्का, आज रजा?" ती म्हणे, "आज माझा जमीनदारीचा दिवस." ही बिचारी.

हे सारे मी टेबलावर सांगितले. आवाज चढला असेल. मुलगा ऐकून म्हणाला, "सरी अप्पा, बरं. मग मलप्याचं सांगा. ते तरी खोटं नाही ना?"

मलप्याची गोष्ट आमच्या घरात पाठ आहे. आम्ही एकदाच समुद्र पाहायला गेलो होतो. उडुपीचे दर्शन, मग मलप्याचा किनारा, संध्याकाळी परत बस. मुलाची आवृत्ती अशी: अप्पांनी कंडक्टरशी भांडण काढले, त्याने आम्हाला चढू दिले नाही, ती बस चुकल्यामुळे उडुपीहून बेंगळूरची राखून ठेवलेली बसही गेली, आणि अम्मा बिचारी मुलांना घेऊन मठाच्या पडवीत झोपली. त्याने ती व्याह्यांना सांगितली, माझ्या हातवाऱ्यांची नक्कल करून. नक्कल चांगली होती.

ही कथा मी आजवर ऐकून घेतली. लग्नांत ऐकली, बारशांत ऐकली. गप्प राहिलो कारण तसे तिने सांगितले होते. त्या दिवशी मात्र मी काटा-चमचा खाली ठेवला आणि जे घडले ते सांगितले.

मी रस्त्यावरच्या थांब्याशी सामान घेऊन उभा होतो. मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. ती आणि मुलगी अजून पाण्यात होत्या. बस आली. मी हाका मारल्या, पंचा हलवला. तिने वळून पाहिले, आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केले. मी कंडक्टरला थांबायची विनंती केली, तो थोडा थांबला. त्याने घंटी वाजवली तेव्हा मी पायरीवर पाय ठेवून त्याच्याशी वाद घातला. होय, घातला. ओरडलो. बस अडवून धरण्यासाठी ओरडलो. त्या ओरडण्याने मुलगा जागा झाला, त्याने निघून जाणारी बस पाहिली आणि ओरडणारा बाप पाहिला, आणि त्या अर्ध्या जागेपणावर त्याने आयुष्यभराचा निकाल लिहिला. ती बऱ्याच वेळाने वर आली, लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. मी विचारले, "हे काय केलंस?" ती म्हणाली, "मुलांना सांगू नका. तुमच्या भांडणानं गेली असंच राहू दे. भांडण तुम्हाला शोभतं."

व्याह्यांनी गुलाबजामची वाटी बाजूला सारली. मग मुलगा म्हणाला, "अप्पा, आता ती नाही म्हणून तिच्यावर ढकलता?"

इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. मी उठलो. तेवढ्यात मुलगी, जी सकाळपासून फारसे बोलली नव्हती, भावाला म्हणाली, "अम्मानं बस बघितली होती रे. मी होते की तिथं. मी म्हटलं, बस आली. तिनं माझं डोकं धरून समुद्राकडं वळवलं. म्हणाली, तू नको बघू. आणखी स्वल्प थांबू."

"आणि तू हे कधी बोलली नाहीस?" मी विचारले.

"अम्मानं नको म्हटलं होतं. तुम्हालाही म्हटलं होतं ना?"

म्हणजे इतकी वर्षे माझ्या नावाने हशा पिकत असताना ही मुलगी ताटात पाहून जेवत होती. मला तिचाही राग आला. मी बाहेर पडलो, पहारेकऱ्याकडून डबा घेतला आणि भिंतीला वळसा घालून बांधावर गेलो. तळ्यात पाणी थोडे होते, पण होते. आंब्याखाली बसलो. कोणी तिकीट मागितले नाही.

मुलगी आधी आली. ती बुंध्याला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. मग सून आली, व्याही आले. मुलगा सर्वांत शेवटी आला. तो उभाच राहिला. मी डब्याच्या पिशवीतली पाने, मिठाची पुडी आणि डाव बाहेर काढून डबा उघडला. दही घट्ट लागले होते. मी डाव उचलला नाही.

त्याने तो उचलला. मनगटावरची कागदी पट्टी भातात बुडत होती, ती दातांनी तोडून त्याने खिशात घातली. पुडी सोडून मीठ कालवले. व्याही हात पुढे करून म्हणाले, "अहो, आत्ताच जेवलो," आणि तरी त्यांनी घेतली. वाढता वाढता तो माझ्याकडे न पाहता बोलला, "म्हणजे बस तिनं सोडली."

"तिनं सोडली."

"मुद्दाम?"

"तुझ्या अक्काला विचार. माझ्यावर तुझा विश्वास नाही."

त्याने विचारले नाही. बहिणीपुढे पान ठेवले. तिने घास घेतला, तळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. "मी नीट घातलंय."

मी चाखून पाहिले. कमीच होते, आणि तसे मी त्याला सांगितले.