माझं नाक आणि मीनलची घबराट

आधीच सांगते, भूत, भानामती, नजर लागणं, यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागल्या की मी टीव्हीचा आवाज वाढवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलंय खरं, त्याला काय करू!

मी अंबरनाथला बुवापाड्यात राहते आणि उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला आहे. हे घडलं तेव्हा चेकिंगला, म्हणजे शिवलेला माल तपासायला होते. आमच्याकडे रोज साडेतीनला तयार मालावर कॉम्प्रेसरची हवा मारतात, धागे आणि भुकटी उडवायला. दहा-पंधरा मिनिटांत माझं नाक ठार बंद! रुमालावर निळं यायचं. वर्षभर असंच, तोंडाने श्वास घ्यायचा आणि काम उरकायचं. नाकाचं कोण एवढं कौतुक करतो?

धाकटी बहीण मीनल बदलापूरला असते, शाळेत शिकवायची. तिला वर्षभर घबराट व्हायची. छातीत धडधड, हातांना कापरं, आता मरते की काय असं. वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण, पण दोनदा भरल्या वर्गातून पळून आली आणि शाळेतली नोकरीच सोडली. डॉक्टरांनी तिला त्रासाच्या वेळा वहीत लिहायला सांगितल्या होत्या.

एकदा सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेले होते, सहज वही चाळली. तीन चाळीस, पावणेचार, पावणेचार... रविवारीसुद्धा! कोरे फक्त शुक्रवार. सगळेच्या सगळे.

"शुक्रवारी वेगळं काय करतेस गं?"

"काही नाही ताई, रोजच्यासारखंच."

तिच्या घरात सुट्टी रविवारची. शुक्रवारी बंद असतो तो आमचा कारखाना! आणि वेळही तीच, माझं नाक बंद व्हायची! पण तिला काही बोलले नाही, वेड्यात काढलं असतं तिने.

पुढच्या बुधवारी तिला एका शाळेत नोकरीसाठी पाठ घेऊन दाखवायचा होता, साडेतीनला. "हे नाही ना जमलं ताई, तर मी परत वर्गात उभी राहणार नाही," म्हणाली. मी मनात म्हटलं, काही झालं तरी त्या वेळी आपण कारखान्यात नसायचं. बुधवारी सकाळीच शेठकडे हाफ डे मागितला.

"अरे बाई, आज माल निकलना है और तुमको आज ही छुट्टी चाहिए?"

झालं! साडेतीनला कॉम्प्रेसर सुरू. ओढणी नाकावर करकचून बांधली, तरी पावणेचारला नाक गच्च. मग काय, हातातली पँट टाकली आणि धूम ठोकली! शेठ मागून ओरडतोय. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी, पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं. ओढणी डोक्यावरून घेतली आणि तोंड थेट पातेल्यावर!

"अरे दीदी, अंदर गिरोगी!" टपरीवाला किंचाळला. येणारे-जाणारे थांबून बघतायत. बघू देत! मी आपली वाफ ओढतेय, ओढतेय... आणि एकदम नाक मोकळं झालं. श्वास पार पोटापर्यंत गेला. टपरीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

साडेचारला मीनलचा फोन. "ताई, घेतलं मला! अगं, मधेच हात कापायला लागले, खडू पडला... वाटलं, संपलं सगळं. आणि अचानक नाकातून गरम गरम हवा आत गेल्यासारखी वाटली, आणि सगळं शांत! समोरच घड्याळ होतं गं, चारला पाच कमी."

 हसू आणि रडू एकदमच!

नंतर नाकाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाक चोंदलं की झोप बिघडते, माणसाला घाबरल्यासारखंही होऊ शकतं. पण नाक एकीचं आणि घबराट दुसरीची? यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. शेठ दोन दिवस ओरडला, पण आता मला हवा मारतात तिथून लांब, पॅकिंगला बसवलंय. नाक मोकळं आहे आणि मीनलची वही महिनोन्महिने कोरी. का, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा.

मीनलला सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे वर्षभर तुझा जीव घुसमटत होता... आणि तू मला एकदाही बोलली नाहीस?"