‘अर्जी’च्या चतुःसीमा

मयताचे नाव : दिगंबर मास्तर, संगणकाचे शिक्षक, राहणार केज. दिनांक : पोळ्याचा दुसरा दिवस. साक्षीदार : लिंबागणेशचे झेरॉक्सवाले रज्जाकभाई व शिरूर कासारच्या टायपिंग शिकवणाऱ्या रत्नमालाबाई. निवेदन करणार : मी, बाबूराव, तहसीलसमोरचा अर्जनवीस. त्या सकाळी रज्जाकभाई जीपमधून उतरून माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी एका वारसनोंदीत गुंतलो होतो. मान वर न करता “दोन मिनिटे थांबा” म्हणालो. ते खरोखर थांबले, आणि मग म्हणाले, “काका, मास्तर गेले...” ती वारसनोंद त्या दिवशी पुरी झाली नाही.

मास्तरांशी माझी ओळख भांडणातून झाली. त्यांनी संगणकावर ‘अर्जी’ नावाचा प्रोग्राम तयार केला होता. नाव-गाव भरले की पाण्याची तक्रार असो वा रहिवासी दाखला, मराठी अर्ज छापून हातात. माझ्या पोटावर पाय येत होता, म्हणून जाब विचारण्यास गेलो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, एक छापील अर्ज हाती दिला व विचारले, “ह्यात काय चुकलंय?” मी तासभर चुका सांगितल्या. ‘अर्जी’तील मजकूर तेव्हापासून माझा आहे. सातवी शिकलेल्या माणसाची भाषा तालुक्या-तालुक्यांत छापली जाते, हे मी नम्रपणे नमूद करतो. ‘अर्जी’ची फ्लॉपी मास्तर फुकट देत, आणि आतील लिखाणही उघडे ठेवत, म्हणजे कोणासही ते वाचून सुधारता यावे. अट एकच : पुन्हा येताना एखादी चूक शोधून वा दुरुस्त करून आणावी. रत्नमालाबाईंनी मोडकी जोडाक्षरे सरळ केली, रज्जाकभाईंनी जुन्या प्रिंटरवर कागद अडकणे थांबवले. रिकाम्या हाताने येणाऱ्यास मास्तर चहा देत नसत.

ते अंथरुणाला खिळल्यावर शहरातील एक कंपनी आली. ‘अर्जी’ त्यांच्या मालकीची व्हावी, आतील लिखाण बंद व्हावे, बदल्यात सुमनवहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीस, कंपनीच्या संगणक केंद्रावर कायमची नोकरी मिळावी, असा प्रस्ताव होता. आपल्या पश्चात ‘अर्जी’चे काय व्हावे, याचा कागद करण्यास मास्तरांनी मला सांगितले. मी आयुष्यभर जसा कागद केला तसाच केला : माझे पश्चात मालक अमुक, आणि खाली, जमिनीच्या कागदात असतात तशा, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण अशा चतुःसीमा. मालकाची जागा कोरी सोडली होती. तेथे कोणाचे नाव यावे असे मला वाटत होते, ते लिहीत नाही.

मास्तर वाचता वाचता हसू लागले. “बाबूराव, चतुःसीमा कशाला टाकल्या रं? पूर्वेला कोन राहतं हिच्या?”

“खिडकी आहे,” मी म्हणालो. मी संगणकाच्या टेबलाच्या सीमा लिहिल्या होत्या.

त्यांना हसून ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, “शेत न्हाई हे. ज्यानं ज्यानं चूक काढली, त्या समद्यांना इचार. एक जरी न्हाई म्हनला, तर द्यायची न्हाई. एवढंच लिव्ह, मी सही करतो.”

एवढेच लिहावयाचे होते. परंतु मास्तरांच्या शेवटच्या कागदाची भाषा त्यांना शोभेशी हवी, म्हणून मी चार दिवस मसुदा घोटत बसलो... कागद सुंदर झाला. सही राहिली.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, नोकरी मला पायजे, खोटं कशाला बोलू? पन कागद न्हाई, तर ते काय म्हनले ते तुमीच सांगा. तुमी सांगाल ते मी मानते.” मास्तरांचे बोलणे मी जसेच्या तसे सांगितले. कोणाच्याही तोंडी शब्दावर मी कधी विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी माझ्या तोंडी शब्दावर एका बाईने आपली नोकरी थांबवून ठेवली.

तरी ज्यांनी ज्यांनी ‘अर्जी’त एक ओळ जरी दुरुस्त केली, त्या सर्वांस विनंती की, कंपनीस द्यावी की देऊ नये, हे दिवाळीपूर्वी कळवावे. उत्तर देताना वहिनींचा विचार करावा, मास्तरांचाही करावा. माझे स्वतःचे उत्तर मी बंद पाकिटात रत्नमालाबाईंकडे दिले आहे. मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. या प्रकरणी ती पाळली जाणार नाही. ज्याचे उत्तर येणार नाही, त्याच्या दारी मी स्वतः येईन, आणि या वेळी कागद तेथेच, मिळेल त्या भाषेत लिहून घेईन. कृपया उत्तर द्यावे.